तिसरी तक्रार

माणूस तक्रार करायला येतो तेव्हा पहिली तक्रार शेजाऱ्याची असते, दुसरी खात्याची असते आणि तिसरी खरी असते. हा शोध आत्याचा. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीत एकोणीस वर्षं बसून तिनं तो लावला होता. शेजारी मोटार लावून सगळं पाणी ओढतो, ही पहिली. तुमचे लोक येतात, बघतात आणि मान हलवून जातात, ही दुसरी. मग तक्रारदार जरा घुटमळतो, पिशवी या हातातून त्या हातात घेतो, "राहू द्या, काही नाही," म्हणतो आणि जायला वळतो. नवा कारकून इथं सुटलो म्हणून "पुढचे" अशी हाक मारतो. आत्या इथं पेनाचं टोपण काढायची. गेल्या रविवारी आपणच पाना घेऊन नळाशी झटापट केली आणि तेव्हापासून भिंत ओली आहे, हे माणूस "राहू द्या" म्हटल्याशिवाय सांगत नाही.

खिडकीतल्या वहीत एक रकाना होता: तक्रारीचे स्वरूप, तक्रारदाराच्या शब्दांत. बाकीचे कारकून त्यात सरसकट "पाणी नाही" लिहीत. आत्या छापील हुकूम मानणारी बाई. ती खरंच तक्रारदाराच्या शब्दांत लिहायची. "नळ खोकतो." "पाणी येतं, पण मनापासून येत नाही." "टाकी रात्रभर कण्हते." वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर आधी करमणूक म्हणून ती वही वाचायला येत. पुढे त्यांच्या लक्षात आलं की नळ खोकतो म्हणजे लाइनमध्ये हवा आहे, आणि मनापासून येत नाही म्हणजे झडप अर्धीच उघडतेय. मग ते हसायचे थांबले आणि वही वाचूनच हत्यारं निवडायला लागले.

नोंद झाली की आत्या एकच वाक्य बोलायची. "तक्रार नोंदवली. माणूस पाठवते."

एक म्हातारी दर मंगळवारी फोन करायची. दाब कमी आहे, एवढंच म्हणणं. तिच्या घराचा नळ आत्याला न बघता पाठ झाला होता. एका मंगळवारी म्हातारी शेजाऱ्याचं बोलली, खात्याचं बोलली आणि मग म्हणाली, "राहू दे बाई. सकाळपासनं हाताला मुंग्या येतायत, पेला धरवत नाही. पण ते काय तुला सांगायचं."

आत्यानं टोपण काढलेलं होतं, पण वहीत त्याला रकाना नव्हता. ती म्हणाली, "आजी, ते आमच्या खात्यात येत नाही. डॉक्टरांना दाखवून घ्या."

उत्तर अगदी नियमाला धरून होतं. पुढचे पाच मंगळवार फोन आला नाही. सहाव्या मंगळवारी आला. म्हातारीची जीभ जड झाली होती, शब्द एका बाजूला कलंडत होते, पण तक्रार जागच्या जागी होती: दाब कमी आहे. आत्यानं ती लिहून घेतली, "माणूस पाठवते" म्हणाली आणि फोन ठेवला. एकोणीस वर्षांत तिनं हजारो माणसं पाठवली होती. स्वतः कुठेच गेली नव्हती.

त्या संध्याकाळी ती घरी म्हणाली, "मला डॉक्टर व्हायचंय."

तिचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणे. ते पेन्सिलीला टोक काढत होते. टोक पूर्ण होईपर्यंत थांबून त्यांनी विचारलं, "कधी?"

"आधी प्रवेश परीक्षा आहे. वयाची वरची अट नाही, मी विचारून आले."

"बरं. मग चहा मी करतो."

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "या वयात लोक डॉक्टरकडे जातात. ही डॉक्टर व्हायला निघाली." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीजवळचं टेबल रिकामं करून ठेवलं. टेबलावरची स्वतःची औषधांची पेटीसुद्धा त्यांनी हलवली, आणि ती त्यांनी आजवर कुणासाठी हलवली नव्हती. मुलगा नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात होता. त्याला कळल्यावर तो फोनवर म्हणाला, "आई, पालकसभेला मी येईन हं. रजा शिल्लक आहे माझी."

प्रवेश परीक्षेत आत्या दोनदा आपटली आणि तिसऱ्यांदा पार पडली. कॉलेजात पाऊल टाकलं तेव्हा तिला त्रेचाळिसावं संपत होतं. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली आणि शंभर मुलं उठून उभी राहिली. मागून प्रोफेसर येत असतील म्हणून आत्याही दाराशी बाजूला सरून उभी राहिली. असे सगळेजण मिनिटभर एकमेकांचा मान राखत उभे होते.

तिला हाक काय मारायची यावर कँटीनमध्ये चर्चा झाली. मावशी म्हणावं, तर हॉस्पिटलात मावशी म्हणजे वॉर्डातल्या आया. उद्या कुणी "मावशी, भांडं आणा" म्हटलं तर ही बाई खरंच आणील, अशी भीती होती, आणि ती खरी होती. काकू तिलाच नको होतं. नात्यांच्या यादीत आत्या ही एकच जागा रिकामी होती. ती भरण्यात आली.

अभ्यासात तिचं गाडं काही ठिकाणी रुतायचं आणि काही ठिकाणी आपोआप धावायचं. आकृत्या मास्तर शिकवायचे. त्यांनी शिकवलेलं मूत्रपिंड तिनं छायाप्रकाशासकट काढलं. वहीवर शेरा आला, "चित्र सुंदर. अवयव कोणता?" पण हृदय मात्र तिला एका दुपारात कळलं. दोन पंप, चार झडपा, जाणारी मोठी वाहिनी, परतीच्या लाइनी. बाकीची मुलं घोकत होती तेव्हा आत्या विचारत होती, "आणि परतीच्या लाइनला तुंबलं तर पाणी सगळ्यात खाली साठणार, म्हणजे पायात. बरोबर ना?" शिकवणारे डॉक्टर म्हणाले, "बरोबर. पण हा धडा पुढच्या वर्षी आहे."

दुखण्याच्या बाबतीत तिच्या गुरू सासूबाई. इंग्रजी पुस्तकातला 'पेन' हा शब्द ऐकून त्यांना त्या पुस्तकाची कीव आली होती. "एवढं जाडजूड पुस्तक आणि दुखायला एकच शब्द? अगं, दात ठणकतो. गळू ठसठसतं. काटा सलतो. डोळे चुरचुरतात. पोटात कळ येते, मान अवघडते, पाय नुसते ओढतात. ठणकणाऱ्याला ठसठसणाऱ्याचं औषध दिलं तर तो बरा कसा होईल?" आत्यानं हे सगळं लिहून घेतलं. केसपेपरवरसुद्धा ती तसंच लिहायची, रुग्णाच्या शब्दांत.

वॉर्डातला पहिला दिवस कॉलेजात अजून सांगितला जातो. एका आजोबांच्या खाटेशी बसून आत्यानं त्यांचा खोकला, धाप, झोप, सगळं मन लावून लिहून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "तक्रार नोंदवली. माणूस पाठवते." आणि उठून निघाली. आजोबांनी समाधानानं मान हलवली आणि अर्ध्या तासानं सिस्टरांना विचारलं, "नळवाला आला नाही अजून?"

अशी साडेचार वर्षं गेली आणि शेवटच्या परीक्षेत आत्या आडवी झाली.

लेखी पेपर सगळे सुटले. राहिली ती मेडिसिनची तोंडी. त्यात एका रुग्णासमोर पंचेचाळीस मिनिटं बसवतात. तेवढ्यात त्याची हकीकत ऐकायची, त्याला नखशिखान्त तपासायचं, निदान करायचं आणि घंटा वाजली की परीक्षकांपुढे सगळं मांडायचं. आत्याच्या वाट्याला निवृत्त तिकीट तपासनीस आले. त्यांनी सूनबाईची तक्रार केली, मग हॉस्पिटलची केली. आत्या तिसरीची वाट बघत राहिली. घंटा वाजली तेव्हा तिच्याकडे साडेचार पानं मजकूर होता आणि स्टेथोस्कोप अजून गळ्यातच होता.

विभागप्रमुखांना सगळे घड्याळसर म्हणत, कारण ते बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता स्वतःच्या मनगटाकडे बघत. माणूस वाईट नव्हता. दिवसाला ऐंशी रुग्ण बघणाऱ्याचं मनगट तसंच होतं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही रुग्ण तपासला नाहीत. त्याची मुलाखत घेतलीत." आणि नापास केलं.

नियमाप्रमाणे आता एकच संधी उरली होती. सहा महिन्यांनी पुन्हा बसायचं; त्यात गेली तर नाव कमी. सात वर्षांचं होतं-नव्हतं ते पंचेचाळीस मिनिटांवर येऊन टेकलं.

मास्तरांनी ही गोष्ट मनावर घेतली. शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांकडून त्यांनी शिट्टी आणि स्टॉपवॉच मागून आणलं. रोज संध्याकाळी सासूबाई खाटेवर रुग्ण म्हणून आडव्या होत, मास्तर शिट्टी तोंडात धरून दारात उभे राहत आणि आत्या स्टुलावर बसे. हकीकतीला आठ मिनिटं. नवव्या मिनिटाला शिट्टी. खरं तर रुग्णाला उजवीकडून तपासायचं असतं, परीक्षक त्याचेही गुण कापतात. पण खाटेची उजवी बाजू भिंतीला चिकटलेली होती आणि सासूबाई खाट हलवू देत नव्हत्या. म्हणून घरापुरतं डावीकडून चालवून घेतलं होतं.

रुग्ण फार बिलंदर निघाला.

"भूक लागते का?" आत्या विचारायची.

"माझी काय चूक?" सासूबाई म्हणायच्या.

"झोप कशी येते?"

"टोप ओट्यावर आहे, झाकून ठेवलाय."

मास्तर शिट्टी काढून म्हणत, "आई, मस्करी नको. तिची शेवटची संधी आहे."

"मग विचारा की नीट. पुटपुटू नका."

म्हातारी मुद्दाम करते, यात दोघांनाही शंका नव्हती. स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्याचं झाकण निघालं तरी जिला आतल्या खोलीत कळतं, तिच्या कानाबद्दल कोण शंका घेणार? एक-दोनदा शिट्टी वाजल्यावर सासूबाई काहीतरी पुटपुटल्या होत्या, "बरं, राहू दे" असंच काहीसं. पण तोवर आत्या त्यांची नाडी मोजायला लागलेली असायची. सहा महिन्यांत ती बोलणं तोडायला शिकली. "बरं, पुढे?" "ते नंतर. धाप कधीपासून?" आठ मिनिटं म्हणजे आठ. मास्तरांची छाती फुगायची. आत्याला मात्र आपण कुणाच्या तरी तोंडावर खिडकी बंद करतोय असं वाटत राहायचं.

परीक्षेच्या दिवशी तिच्या वाट्याला आले एक लिफ्टवाले. पन्नाशीचे, दाढी गुळगुळीत केलेले, आणि चादरीखालून बाहेर आलेले पाय सुजलेले. खाटेवर आडवं पडलं तरी त्यांचा डावा हात अधूनमधून बटण दाबल्यासारखा वर जायचा.

"काय तक्रार आहे, दादा?"

"धाप लागते, मॅडम. वर्षात तिसऱ्यांदा भरती झालोय."

आत्यानं आठ मिनिटांत हकीकत संपवली. शेजाऱ्याची तक्रार आली तेव्हा "बरं, पुढे?" म्हणाली, हॉस्पिटलच्या चहाची आली तेव्हा "ते नंतर." उजव्या बाजूला उभी राहून तिनं नाडी पाहिली, मानेची शीर पाहिली, पाय दाबून खड्डा पडतो का पाहिलं, छातीला नळी लावून डोळे मिटले. तिला ऐकू आला तो आवाज ओळखीचा होता. झडप अर्धीच उघडत होती. रक्त जात होतं, पण मनापासून जात नव्हतं.

तिनं घड्याळ पाहिलं. सात मिनिटं उरली होती. मास्तर असते तर त्यांनी शिट्टी हवेत उडवली असती. आता फक्त सगळं ओळीनं लिहून काढायचं, निदान, त्याखाली कारणं, त्याखाली उपचार. ती नळी गुंडाळायला लागली.

"मॅडम," लिफ्टवाले म्हणाले, "ती सूज उतरायची गोळी असते ना..." मग त्यांनी छताकडे पाहिलं. "राहू द्या. काही नाही."

आत्याचा हात थांबला. समोर कोरा कागद होता, घड्याळ होतं, आणि बाहेर घड्याळसर होते. साडेचार पानांची गेल्या वेळची फजिती होती. शहाण्या माणसानं इथं मान खाली घालून लिहायला लागायचं. आत्यानं स्टूल पुढे ओढलं, त्यावर बसली आणि पेनाचं टोपण काढलं.

"बोला दादा."

"तुम्हाला परीक्षा आहे."

"आहे. तुम्ही बोला."

लिफ्टवाले मग हळूहळू बोलले. गोळी सकाळी घ्यायला सांगितली आहे. ती घेतली की चार तास दर वीस मिनिटांनी जावं लागतं. लिफ्ट सोडून जायचं कसं? बदली माणूस एकदम जेवणाच्या सुट्टीत येतो. एकदा गेले तेव्हा लिफ्टमध्ये साहेब अडकले होते. तेव्हापासून ते गोळी घेत नाहीत, फक्त सुट्टीच्या दिवशी घेतात. इथं भरती झालं की गोळी मिळते, चार दिवसांत पाय उतरतात, घरी जातात, पुन्हा चढतात. "डॉक्टर एवढे मोठमोठे. त्यांना हे काय सांगायचं, लघवीचं."

घंटा वाजली. आत्याच्या कागदावर निदानाची एक ओळ होती आणि त्याखाली लिफ्टवाल्यांच्या शब्दांत चार.

टेबलापलीकडे घड्याळसर आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बसल्या होत्या. आत्यानं निदान सांगितलं. घाबरून तिच्या तोंडून आधी "झडप अर्धी उघडते" असं आलं आणि मग 'मायट्रल स्टेनोसिस' आलं. परीक्षक बाईंनी आवाजाचं वर्णन विचारलं, तिनं केलं. कारणं विचारली, त्यात एक राहिलं. औषधांच्या मात्रेत ती अडखळली. मग घड्याळसरांनी मनगटाकडे बघत विचारलं, "हा रुग्ण आमच्याच युनिटचा. उपचार चालू असून वर्षात तीनदा का भरती झाला? आजार वाढतोय?"

"वाढत असेलही, सर. पण ते सूज उतरायची गोळी घेत नाहीत."

"घेतात. मी स्वतः लिहून दिलीय. गेल्या वेळी मात्रा दुप्पट केलीय."

"दुप्पट केलेली पण घेत नाहीत, सर. ते लिफ्ट चालवतात. सकाळी गोळी घेतली तर लिफ्ट सोडावी लागते."

घड्याळसर उठले आणि वॉर्डात गेले. परत आले तेव्हा त्यांचं मनगट खिशात होतं.

"उपाय काय?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"पाचला सुटतात ते. घरी आल्याबरोबर घ्यावी. झोपेपर्यंत मोकळे."

परीक्षक बाईंनी काहीतरी लिहिलं. घड्याळसर म्हणाले, "वेळ किती लागला हे समजायला?"

"सात मिनिटं, सर."

"मला एक वर्ष झालं," ते म्हणाले, आणि पुढच्या उमेदवाराला बोलवा असं खुणेनं सांगितलं.

निकाल लागला तेव्हा आत्या पास झाली होती, दोन गुणांनी. मास्तरांनी निकालाच्या कागदाला पेन्सिलीनं बारीक चौकट काढली. मुलगा फोनवर म्हणाला, "दोन गुण कमी असते तर मी येऊन भांडलो असतो हं तुझ्या सरांशी." घरी चहा झाला, शेजारीपाजारी येऊन आपापली दुखणी सांगून गेले. संध्याकाळ झाली तसं घर शांत झालं. सवयीनं सासूबाई खाटेवर आडव्या झाल्या, सवयीनं आत्या स्टुलावर बसली आणि मास्तर दारात उभे राहिले.

"आता कशाला?" आत्या म्हणाली. "आई, तुमची सुटका झाली. तुमच्यासारखा रुग्ण कुणाला मिळाला नसेल."

"हो ना," सासूबाई उशीवरून डोकं उचलून म्हणाल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मी काय म्हणते... राहू दे."

मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावली होती. आत्यानं हात लांब करून ती काढून घेतली.

"बोला, आई."

"नको. तुझा आजचा दिवस चांगला आहे."

"बोला तुम्ही."

सासूबाई पुन्हा उशीवर डोकं टेकून भिंतीकडे बघत म्हणाल्या, "या डाव्या कानानं मला दीड-दोन वर्षं ऐकू येत नाही. उजवा चांगलाय. पण तू या बाजूला बसतेस, आणि उजवा उशीत. काहीतरी अंदाजानं सांगायचे मी. तुझी परीक्षा, म्हटलं कशाला आणखी घोळ. आणि तुम्ही दोघं मस्करी मस्करी म्हणायचात, तर म्हटलं तसं तर तसं."

भूक आणि चूक, झोप आणि टोप, सहा महिन्यांच्या सगळ्या संध्याकाळी आत्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. एका खाटेवर एकच रुग्ण, रोज एक तास, आणि डॉक्टर शिट्टीची वाट बघत बसलेला.

"खाट का हलवू देत नव्हतात मग?" मास्तरांनी विचारलं.

"काय म्हणतोय हा?" सासूबाईंनी आत्याला विचारलं.

आत्या उठली. "अहो, त्या टोकाला धरा," ती मास्तरांना म्हणाली. दोघांनी मिळून म्हातारीसकट खाट भिंतीपासून ओढली. मधे अडकलेला एक कंगवा, दोन बिस्किटं आणि मूत्रपिंडाचं एक सुंदर चित्र खाली पडलं. आत्यानं स्टूल उचललं, वळसा घालून उजव्या बाजूला आणलं आणि त्यावर बसली.

"हं. आता पहिल्यापासून," ती म्हणाली. "भूक लागते का?"